कपाट सोपं, गच्ची अवघड

जुन्या लाकडी सामानाला नवं रूप द्यायचे व्हिडिओ बघून हात शिवशिवत असतील, तर पॉलिश पेपर आणण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा. व्हिडिओवाल्यांकडे अंगण असतं. आमचा ठाण्यातला वन बीएचके, बाल्कनी हॉलमध्येच घेतलेली.

कपाट सासूबाईंच्या स्वयंपाकघरातलं, जाळीच्या दारांचं. फ्रिज येण्याआधी दूध, लोणी, उरलेल्या पोळ्या त्यात असायच्या आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. वरून हिरवा ऑइल पेंट. दाराच्या कडेला सुरीनं खरवडलं तर हिरव्याखाली बदामी, त्याखाली आकाशी आणि मग सागवान. त्याचं पुस्तकांचं कपाट करायचं ठरवलं. जाळी ठेवली, पुस्तकांना वारा लागतो. सामान म्हणाल तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे सगळं मिळालं.

रंग मात्र घरात काढायचा नव्हता. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली तीच नोव्हेंबर २०१७ मध्ये. कोरडं घासलं की धूळ घरभर, आणि लेक जमिनीवरचं काहीही तोंडात घालायच्या वयाची. पेंट रिमूव्हरचा वास तर बंद खोलीत सोसवतच नाही. म्हणून गच्ची.

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, लेखी अर्ज द्या." दिला. मग म्हणाले, साध्या कागदावर चालत नाही, आपला छापील फॉर्म आहे.

फॉर्म होता फ्लॅटच्या रिनोव्हेशनचा. ठेकेदाराचं नाव. कामगारांची संख्या आणि प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स. तोडायच्या भिंतींचा तपशील. डेब्रिज कुठे टाकणार. बाथरूमचं काम असल्यास खालच्या फ्लॅटधारकाची संमती जोडावी. मी ठेकेदाराच्या जागी माझं नाव लिहिलं, कामगार एक, म्हणजे मीच, आणि स्वतःच्याच आधारची झेरॉक्स जोडली. फॉर्म परत आला. सभासद आणि ठेकेदार एकच कसे, हा प्रश्न कमिटीपुढे ठेवावा लागेल म्हणे.

कमिटीची बैठक महिन्यातून एकदा. पहिल्या वेळी कोरम भरला नाही. पुढच्या वेळी पार्किंगवरून जुंपली आणि माझा विषय "वेळेअभावी" पुढे गेला. मध्येच चेअरमनकाका लिफ्टमध्ये भेटले आणि विचारतात, "कपाट नंतर विकणार का? मग ते कमर्शियल होतं." काका, त्यात माझ्या नवऱ्याची स्पर्धा परीक्षांची पुस्तकं जाणार आहेत, ती रद्दीवालासुद्धा घेत नाही!

तोवर कपाट पॅसेजमध्ये. एके सकाळी दाराला नोटीस चिकटवलेली: सामाईक जागेतलं सामान तात्काळ हलवावे, आगीच्या वेळी अडथळा होतो. मुद्दा बिनतोड, म्हणून तर जास्त चिडचिड झाली. सही त्याच सेक्रेटरींची, ज्यांच्या फाइलीत माझा अर्ज पडून होता. कपाट बेडरूममध्ये आलं आणि आम्ही खिडकीपर्यंत आडवे होऊन जायला लागलो. गच्चीवर तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंचे पापड-कुरडया वाळत होत्या. त्यांना ठेकेदाराचं नाव कुणी विचारलं नाही. तेव्हा अर्जात "फर्निचर" किंवा "काम" असलं काही लिहू नका. "घरगुती वस्तूची साफसफाई" एवढंच लिहा.

परवानगी अखेर आली. अटी: दुपारी दोन ते चार बंद, गच्चीवरची वीज वापरायची नाही, पाच हजार डिपॉझिट. आणि आली कधी, तर पहिला पाऊस पडून गेल्यावर. पाण्याच्या टाकीखालच्या आडोशाला बसून काम केलं.

विजेच्या अटीचं काही अडलं नाही. शिशाची शंका असेल तर मशीन लावायचंच नसतं. रिमूव्हर लावून पत्र्यानं रंग खरवडायचा, उरलेला वॉटर पेपरनं ओला घासायचा, हातमोजे-मास्क घालून. निघालेला लगदा पिशवीत बांधायचा, मोरीत सोडायचा नाही. लाकूड वाळलं की १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवा हात मारलात तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. भोकं फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून बुजवली.

भोकांवरून आठवलं, जुनं सामान घरात घेण्याआधी त्याखाली काळा कागद पसरून काही दिवस ठेवा. पिठासारखी पूड पडली तर भुंगा जिवंत आहे, आधी त्याचा बंदोबस्त. आणि प्लायसारखं दिसणारं भुश्याचं बोर्ड फुगलेलं असेल तर फुकटही घेऊ नका.

मला खरं तर लाखेचं पॉलिश हवं होतं. पण दमट हवेत ते पांढरं पडतं आणि कमिटीच्या कृपेनं जुलै उजाडला होता. म्हणून बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, लावलं. पावसात तेही वाळता वाळत नाही, पातळ हात द्यायचे आणि वाट बघायची. तेलाची फडकी मात्र चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवा. आगीची एवढी काळजी असलेल्या नोटिशीत हे वाक्य टाकायला हवं होतं.

कपाट झकास झालंय. डिपॉझिट अजून मिळालेलं नाही. चेकवर दोन सह्या लागतात आणि खजिनदार दिवाळीपर्यंत मुलीकडे न्यू जर्सीला आहेत.