साक्रीच्या डोंगरात उदंचनाची पाहणी: माझा अनुभव

उदंचन प्रकल्प कागदावर सोपा दिसतो. वर एक तलाव, खाली एक तलाव, मधे बोगदा. दुपारी सौरवीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेला अशाच एका जागेच्या पाहणीत मी भूवैज्ञानिक म्हणून होतो. नकाशे, मोजणी, ड्रोन हे पटापट उरकलं. घाम निघाला तो बोअरच्या वेळी, म्हणजे आतला खडक तपासायला छिद्र पाडून नमुने काढताना.

तिकडची बरीच गावं पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, आणि डोंगर वनखात्याचा. म्हणून मशीन चढवण्याआधी ग्रामसभा. वीज साठवण्यावर बोलायला गेलो आणि लाइटच नव्हती. प्रोजेक्टर पिशवीतच राहिला. एका आजोबांनी विचारलं, “पानी वर चढावानं, परत खाले सोडानं, मंग तुमले काय मियनं?”

मी म्हटलं, “आबा, हिशेबात तोटाच आहे. शंभर युनिट खर्चले तर पंच्याहत्तर-ऐंशी परत येतात. पण आपल्या तालुक्यातल्या शिवाजीनगरच्या सोलर प्लेटा रात्री काही देत नाहीत आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या वाऱ्याच्या मर्जीवर.” हे त्यांना लगेच पटलं. पुढचा प्रश्न अवघड होता: पाणी किती आणि कुठलं? ३०० मीटरवरून हजार लिटर पाणी खाली आलं तर जेमतेम पाऊण युनिट वीज होते. १०० मेगावॉट सहा तास चालवायचे तर आठ लाख घनमीटर लागतं. तेच पाणी वर-खाली फिरतं हे खरं, पण पहिली भरणी आणि दरवर्षी उन्हाने उडणारं पाणी बाहेरूनच आणावं लागतं. पांझरा नदीवर जगणाऱ्या माणसांपुढे हे गुळमुळीत सांगून चालत नाही. ठराव झाला तो फक्त बोअरपुरता, आणि त्यात एक ओळ त्यांनी स्वतः घालून घेतली: उन्हाळ्यात नदीचं पाणी उचलायचं नाही. माझ्या मते सगळ्या फायलीतली सगळ्यात कामाची ओळ तीच.

मग खडक. धुळे-नंदुरबार पट्टा डाइकांनी भरलेला आहे. बेसाल्टच्या थरांना उभ्या चिरत गेलेल्या, मैलोन्‌मैल चालणाऱ्या दगडी भिंतीच त्या. गावातल्या विहिरी खोदणाऱ्या एका दादांनी हाताने रेघ ओढून दाखवलं की या भिंतीच्या अलीकडे पाणी लागतं, पलीकडे कोरडं. आमच्या नकाशावर बोगदा नेमका तिथून आडवा जात होता. बोअर तिरका घेतला. बोअरमधून निघालेले नमुने ठेवायच्या पेटीत आधी काळ्या पाषाणाचे सलग, गुळगुळीत दांडके आले. मग वीतभर लाल गेरूचा थर, बोटाने दाबला तर भुगा. आणि डाइकच्या कडेला नुसते तुकडे. ड्रिलिंगचं पाणी तिथे वर येईनासं झालं, म्हणजे फटीतून निघून जात होतं. तलावातलं पाणी उद्या त्याच वाटेने जाणार.

अहवालात बोगद्याची रेघ सरकवली, तलावाच्या तळाला अस्तर सुचवलं. खर्च वाढला म्हणून वरच्या साहेबांची कुरकुर झाली, ती होणारच होती. सध्या पाणी आरक्षणाचा अर्ज तयार होतोय. पहिली भरणी फक्त पावसाळ्यातल्या पुराच्या पाण्यातून, एवढं मी त्यात लिहायला लावलंय. ठरावाची प्रत सोबत जोडली आहे.