मुंबईत बसायला जागा आहे!

पुण्या-कोल्हापूरकडून कुणी पाहुणे आले की गाडीतून उतरायच्या आधीच त्यांची यादी तयार असते. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली आणि जमलंच तर एखाद्या नटाच्या बंगल्याचं फाटक. मी नाही म्हणत नाही. गेटवेला नेतो, ताजकडे तोंड करून, पाठ करून असे सगळे फोटो काढून देतो आणि पंधरा मिनिटांत तिथून हलवतो. टेकायला जागा कुठे आहे तिथे? लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी खूश होणारी आम्ही माणसं, आमची पारख तेवढ्यावरच असते. माझ्या आवडीच्या जागा म्हणूनच सगळ्या बसायच्या आहेत. दीड तास बसलात तरी ‘अजून काही आणू का’ म्हणत कुणी बिल पुढे सरकवत नाही.

सगळ्यात हुकमी जागा म्हणजे दादरचा शिवाजी पार्क. 1927 पर्यंत याला माहीम पार्क म्हणायचे. मैदानात एकाच वेळी इतके क्रिकेटचे सामने चालू असतात की एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला धडकतो. ते बघायचं मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर बसून. कट्ट्यावर आजोबांच्या जागा ठरलेल्या असतात, हे मात्र ध्यानात ठेवा. चुकून तिथे बसलात तर कुणी उठवणार नाही, पण तीन-चार जण समोर येऊन उभे राहतील आणि तुमच्या डोक्यावरून वरणभातापासून अंपायरिंगपर्यंत बोलत राहतील. उठावंच लागतं.

भायखळ्याला मात्र अर्धा दिवस काढून जा. स्टेशनपासूनच सुरुवात करा. एकोणिसाव्या शतकातली ही इमारत जुन्या रूपात परत आणली आणि 2022 साली युनेस्कोच्या वारसा-संवर्धन पुरस्कारांमध्ये तिचं नाव लागलं. गाडी पकडायच्या घाईत आपण तिच्याकडे बघतच नाही. पूर्वेला बाहेर पडून चालत राणीबाग. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण बसचा कंडक्टरही राणीबागच म्हणतो. पोरं पेंग्विनच्या रांगेत गेली की आपण मोकळे. इथली झाडं हीच खरी बाग. ढोल पोटाची गोरखचिंच आहे, नशिबात असेल तर उर्वशीची लोंबती लालभडक फुलं दिसतात, आणि सावलीतल्या बाकांवर दुपारी शिफ्ट संपवून आलेली माणसं चपला उशाला घेऊन झोपलेली असतात.

बागेलगतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ते लोकांसाठी उघडलं, भाऊ दाजींचं नाव मिळायला 1975 उजाडावं लागलं. हे नाव देण्यात उपकार काही नव्हते. व्यवसायाने डॉक्टर, आवड शिलालेख वाचायची, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून झटलेला माणूस तो. आत हिरव्या-सोनेरी रंगात रंगवलेले खांब आहेत, छत बघता बघता मान अवघडते. मी मात्र जातो ते मातीच्या छोट्या प्रतिकृतींसाठी. कारागीर, निरनिराळ्या समाजांची माणसं, पारशांच्या दोखम्याचा, म्हणजे मृतदेह ठेवायच्या बुरुजाचा, नमुनासुद्धा. काचेला नाक लावून बघा, एकेका बाहुलीच्या धोतराची चुणी वेगळी आहे.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये इंग्रज त्याला उचलून इंग्लंडला न्यायला निघाले, तर हत्ती यारीतून निसटून फुटला. तुकडे इथेच राहिले आणि पुढे जोडले गेले. जवळ गेलात तर सांधे दिसतात. काळा घोडाही याच आवारात आहे, वर सातव्या एडवर्डला घेऊन. 1965 पासून तो इथे आहे आणि फोर्टातल्या चौकाला नाव तेवढं उरलं. तिथे 2017 मध्ये बसवलेला घोडा नवा, त्याच्यावर स्वारच नाही. पाहुण्यांना हे सांगितलं की माझा भाव जरा वधारतो.

टाऊन हॉलच्या पायऱ्या पूर्वी फार आवडायच्या. इमारत 1833 ची, पायऱ्या तीस, समोर हॉर्निमन सर्कलची बाग. आता तिथे लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची एवढी झुंबड असते की आपण कुणाच्या तरी अल्बममध्ये कायमचे जाऊन बसतो. त्यापेक्षा बागेतला बाक बरा.

वाळकेश्वरला उंच इमारतींच्या मधून एक उतार खाली जातो आणि एकदम बाणगंगा समोर येते. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तळ्याचं पाणी गोडं, कारण खालून झरे आहेत. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली आणि बाण मारून हे पाणी काढलं, असं इथले लोक सांगतात. चारही बाजूंना पायऱ्या, काठाला दीपमाळा, देवळं आणि मठ. एका कोपऱ्यात गुरुजी पिंडदान सांगत असतात, पलीकडे पोरं सूर मारत असतात आणि मधून बदकं कुणाचीच पर्वा न करता जातात. पितृपक्षात गर्दी असते, तेव्हा सहलीला म्हणून जाऊ नये. कार्तिकी पौर्णिमेला दिवे लागतात, तेही सुंदरच, पण मग बसायला पायरी मिळत नाही.

कान्हेरी तर बसण्याची राजधानी. बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानाचं फाटक गाठायचं, तिथून लेणी पाच-सहा किलोमीटर आत. बस मिळते. शंभराहून अधिक लेणी डोंगरात कोरलेली आहेत. लोक तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य आणि तिथले उंच बुद्ध बघून परततात. तुम्ही वर चढा. विहारांच्या भिंतींना लागून दगडातच बाकं कोरलेली आहेत. भिक्खूंनी बसायची सोय आधी केली, हे मला फार पटतं. पाण्याचं शहाणपणही बघून घ्या. उतारावरचं पावसाचं पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींतून लेण्यांशेजारच्या टाक्यांत उतरतं. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावं शिलालेखांत आहेत, म्हणजे उपनगरातून इथे यायची चाल जुनीच. माकडांपासून डबा सांभाळा, ती पिशवीची चेन उघडतात.

फिरतं बसायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच पकडा. मासळीचा वास पहिली दहा मिनिटं, मग वाराच वारा. पलीकडे चहा घ्यायचा आणि परतीची लाँच गाठायची. पावसाळ्यात मात्र आधी चौकशी करून निघा.

आणि वार बघून बेत आखा. कान्हेरी सोमवारी बंद, राणीबाग आणि संग्रहालय बुधवारी. कट्टा सातही दिवस उघडा, आजोबांच्या वेळा सोडून.