स्मायलीने केलेला पोपट (लॅब नोंद, आठवडा ७)

मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की व्हीएसएफटीपीडी २.३.४ या फाइल देवाणघेवाणीच्या (एफटीपी) सर्व्हरचा बॅकडोअर माझ्या स्वतःच्या पायथन स्क्रिप्टने उघडला. ते वाक्य मागे घेतोय. शेल (दुसऱ्या मशीनवर कमांड द्यायची सोय) आला होता हे खरं, पण तो स्क्रिप्टने आणला नव्हता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: २०११ च्या जून-जुलैत कोणीतरी या एफटीपी सर्व्हरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच चोरदरवाजा घुसवला. युजरनेममध्ये :) टाकलं की पोर्ट ६२०० वर रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) शेल वाट बघत बसतो. मेटास्प्लॉइटेबल २ या व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर) तो सरावासाठी मुद्दाम ठेवलाय, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांचा श्रीगणेशा इथेच होतो.

तर झालं असं. माझी टिपणं मोबाइलवर असतात, मुलुंड ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये लिहिलेली. नोट्सच्या अॅपने त्या कोलन-कंसाचं परस्पर पिवळं तोंड करून टाकलं आणि घरी येऊन मी ते तसंच स्क्रिप्टमध्ये पेस्ट केलं. सर्व्हरला हवीत ती दोन अक्षरं. इमोजीचे चार बाइट त्याच्या काय कामाचे? तरीही ६२०० ला जोडून आयडी कमांड दिली, तर उत्तर आलं: यूआयडी ०, रूट. रात्री साडेबाराला आईला उठवून दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं.

शनिवारी मित्र आला. म्हटलं, बघ आता. स्वच्छ स्नॅपशॉट (व्हीएमची जपून ठेवलेली जुनी स्थिती) लावला, स्क्रिप्ट चालवली. कनेक्शन रिफ्यूज्ड. परत. परत तेच. तो स्क्रीनकडे बघत एवढंच म्हणाला, ‘तुझ्या कोडमधला हा पिवळा कोणाला हसतोय रे?’

झालं होतं असं की तो शेल आला त्याच्या आदल्या रात्री मी नेटकॅटने (पोर्टशी थेट बोलायचं टूल) हाताने खरी स्मायली पाठवली होती, आणि ६२०० ला न जोडताच व्हीएम सेव्ह करून झोपलो होतो. पोर्ट तसंच उघडं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी उघड्या दारातून आत शिरलो आणि कुलूप तोडल्याच्या थाटात नोंद लिहिली. मेटास्प्लॉइट या हल्ल्याच्या टूलमधलं या बॅकडोअरचं मॉड्यूल ‘पोर्ट आधीच उघडं आहे’ असं बजावतं, ती ओळ मला उगाच वाटायची.

आता क्रम ठरलाय. स्नॅपशॉट पूर्ववत करायचा, ६२०० बंद आहे ना ते बघायचं, मग तीच स्क्रिप्ट आधी स्मायलीशिवाय चालवायची. तेव्हा शेल आला तर काहीतरी गडबड आहे. त्यानंतर स्मायलीसकट. (सगळं होस्ट-ओन्ली नेटवर्कवर, म्हणजे लॅपटॉप आणि व्हीएम यांच्यातच, स्वतःच्या व्हीएमवर. सोसायटीच्या वायफायवर हात साफ करायचा मोह झालाच तर आयटी कायद्याचं कलम ६६ आठवा.)

उलटा घोळही याच आठवड्यातला. सांबा ३.०.२० या फाइल शेअर करणाऱ्या सर्व्हरवर यूजरमॅपचा एक्स्प्लॉइट (त्रुटीतून आपली कमांड चालवणारा हल्ला) मारला, तर ‘एक्स्प्लॉइट पूर्ण, सेशन नाही’. मी वहीत ‘फसलं’ लिहून मोकळा. नंतर लक्षात आलं की एलहोस्टमध्ये (शेलने परत जोडायचा माझा पत्ता) वायफायचा पत्ता घातलाय, तिथवर त्या व्हीएमला रस्ताच नाही. मग शेल न मागता फक्त होस्ट-ओन्ली पत्त्यावर तीन पिंग करायला सांगितलं. टीसीपीडम्पमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टूल) बरोब्बर तीन आले. म्हणजे कमांड चालली होती, शेलला घरचा पत्ता चुकीचा दिला होता.

शेल हेच यश धरलं तर हार्टब्लीडचं (सर्व्हरची मेमरी गळवणारी ओपनएसएसएलमधली त्रुटी) काय करायचं? तिथे शेलचा प्रश्नच नाही, एका विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतले जास्तीत जास्त ६४ केबी मिळतात. एप्रिल २०१४ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीने आव्हान दिलं होतं की यातून सर्व्हरची खासगी की (गुप्त किल्ली) काढून दाखवा. पहिल्याने सुमारे २५ लाख विनंत्या मारल्या, दुसऱ्याने साधारण १ लाख. पण ‘मिळाली’ म्हणून भागणार नव्हतं. त्याच कीने सही केलेला संदेश पाठवायचा होता. की हातात असल्याशिवाय ती सही जमतच नाही. असा पुरावा मला फार आवडतो.

पुढच्या आठवड्यात ब्लाइंड एसक्यूएल इंजेक्शन (डेटाबेसला घुसवलेल्या कमांडचं उत्तर पानावर दिसत नाही, उशिरावरून ओळखायचं). स्लीप ५ दिल्यावर पान ५ सेकंदांनी उघडलं पाहिजे, पण माझा ८ जीबीचा लॅपटॉप काही न देताच कधीकधी ४ सेकंद घेतो. म्हणून ०, ५ आणि १० आलटून पालटून, प्रत्येकी दहा वेळा मोजणार आहे. नोट्सच्या अॅपमधलं ते इमोजीचं बटण बंद केलंय.