सह्याद्रीतला वारा, हिमालयातली थंडी आणि एक स्टोव्ह

सह्याद्रीत स्टोव्हला थंडीचा त्रास फारसा होत नाही, वाऱ्याचा होतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याकडून वारा वर येतो, तेव्हा गॅसच्या कॅनच्या डोक्यावर बसणाऱ्या छोट्या बर्नरची ज्योत आडवी होते आणि पातेल्याखालून निसटते. म्हणून बर्नर घेताना मी वजन नंतर पाहिलं. ज्योत खोलगट कड्याच्या आत आहे का आणि पातेलं तिला किती चिकटून बसतं, हे आधी. वाऱ्याला आडोसा एकाच बाजूने करतो. कॅनसकट चहूबाजूंनी पत्रा लावला तर उष्णता आत कोंडते आणि कॅन फुटू शकतो. पावसाळ्यात बर्नरचं खटक्याचं बटण दमट हवेत दगा देतं, त्यामुळे साधा लायटर प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा असतोच. आणि पाऊस कितीही असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. ज्योतीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उत्तराखंडातल्या केदारकांठ्याला जानेवारीत जायचं ठरलं तेव्हा हिशेब बदलला. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या लांबट कॅनमध्ये बहुधा ब्यूटेन असतो. तो उणे ०.५ अंशाला उकळतो, म्हणजे त्याखाली त्याचा वायूच होत नाही. आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२. म्हणून या दोघांचं मिश्रण असलेला, आट्यांचा बसका कॅन घेतला. तरी एक अडचण राहतेच. द्रवाचा वायू होताना कॅनचीच उष्णता खर्च होते. आत जिथपर्यंत द्रव, तिथपर्यंत बाहेरून दंव धरतं, बोटाने खरवडता येईल इतकं. शिवाय प्रोपेन आधी संपत जातो. पहिल्या संध्याकाळी जोरात पेटलेला कॅन नंतर, आत गॅस खळखळत असतानाही, मान टाकतो.

रात्री कॅन स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलं की सकाळचा चहा निभावतो. पण मी शेवटी नळीचा स्टोव्ह घेतला, म्हणजे कॅन बाजूला ठेवून नळीने बर्नरला जोडायचा. बर्नरजवळ त्याची पितळी नळी ज्योतीतून जाते. स्टोव्ह तापला की कॅन उलटा करायचा. मग द्रवच नळीत येतो, तिथे त्याचा वायू होतो आणि कॅनमधल्या दाबावर सगळं अडत नाही. रॉकेलचा स्टोव्ह याहून कडक थंडीतही चालतो, पण पंप मारणं, आधी तापवणं, काजळी हे सगळं चार दिवसांच्या ट्रेकला मला नको होतं.

गॅसचा कॅन विमानात चालत नाही, रेल्वेतही नाही. त्यामुळे इथून फक्त स्टोव्ह नेतो. देहरादूनला उतरल्यावर पहिलं काम कॅन शोधायचं. लेबलवर आयसोब्यूटेन-प्रोपेन लिहिलेलं नसेल, तर पुढचं दुकान.