तालमीच्या माडीवरची दोन कपाटे

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या माडीवर मुलांसाठी वाचनालय सुरू करायचे ठरले, तेव्हा पुस्तके निवडण्याचे काम मंडळाने माझ्यावर सोपवले. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून शिल्लक राहिलेले ३५ हजार रुपये आणि एका सभासदाने दिलेली दोन लोखंडी कपाटे एवढे भांडवल होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात २८ वर्षे नोकरी केल्यामुळे पुस्तकांचे जग मला परके नव्हते. परंतु मुलांच्या हाती नेमके कोणते पुस्तक द्यावे हे कळायला मला जवळपास एक वर्ष लागले.

पहिली खरेदी मी नावे पाहून केली. आमच्या पिढीने डोक्यावर घेतलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या, थोरामोठ्यांची चरित्रे, सामान्यज्ञानाची पुस्तके, आणि त्यांच्या जोडीला एका विक्रेत्याने भरघोस सवलतीत देऊ केलेला शंभर पुस्तकांचा तयार बालसंच. त्या संचाची वेष्टने काढल्यावर मी मटकन खाली बसले. कागद इतका पातळ होता की पाठच्या पानावरची छपाई अलीकडे दिसत होती, जोडाक्षरे ठिकठिकाणी तुटली होती, आणि एका चरित्रात तर नायकाचे जन्मसाल आतल्या पानावर एक आणि मलपृष्ठावर दुसरेच होते. वेष्टन फोडलेला माल परत घेणार नाही, असे विक्रेत्याने सांगितले. लोकांच्या वर्गणीचे आठ हजार रुपये माझ्या घाईमुळे गेले, याची रुखरुख मला आजही आहे.

उरलेली पुस्तके चांगली होती, तरीही पहिल्या दीड महिन्यात नोंदवहीत जेमतेम ३१ नोंदी झाल्या आणि त्यातली निम्मी पुस्तके दुसऱ्याच दिवशी परत आली. मुले मोबाईलमुळे वाचत नाहीत, असे मंडळातले सगळेच म्हणाले. मला ते पटेना, कारण संध्याकाळी मुले माडीवर येत होती, कपाटे उघडत होती, पुस्तके काढून चाळत होती. म्हणून पंधरा दिवस मी काहीही न सुचवता कोपऱ्यात बसून नुसते पाहायचे ठरवले.

पाचवीतल्या एका मुलाने शिवकाळावरचे एक पुस्तक काढले. मांडी घालून बसला, ओळीखाली बोट धरून ओठ हलवत वाचू लागला. तिसऱ्या ओळीतल्या ‘निश्चयपूर्वक’ या शब्दाशी त्याचे बोट थांबले, मागे गेले, पुन्हा त्याच शब्दाशी येऊन थांबले. मग त्याने पुढची पाचसहा पाने उलटून कुठे चित्र आहे का ते पाहिले आणि पुस्तक होते तिथे नीट ठेवून दिले. मी विचारले तेव्हा म्हणाला, “काकू, गोष्ट चांगली आसंल, पण अक्षरं लई बारीक हायत.” त्या पुस्तकाचा विषय त्याच्या आवडीचा होता, पण टाइप आणि भाषा मोठ्या माणसांसाठी होती. नोकरीच्या काळात मी असंख्य पुस्तकांची वर्गवारी विषयावरून केली होती; वाचणाऱ्याचे बोट कोणत्या ओळीवर अडते, हे पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

त्यानंतर मी एक नियम केला. स्वतः पूर्ण वाचल्याशिवाय एकही पुस्तक विकत घ्यायचे नाही. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरातून मी पुस्तके आणून घरी वाचू लागले. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे, १९७१ पासूनचे, जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यातल्या गोष्टी आधी मुलांना वाचून दाखवून कोणत्या प्रकारचे लेखन त्यांना धरून ठेवते याचा अंदाज मी घेतला. पुस्तक झेपेल की नाही हे पाहण्यासाठी शिक्षक वापरतात ती पाच बोटांची रीत मुलांनाच शिकवली: मधले कोणतेही पान उघडायचे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे, आणि पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या एकट्याने वाचायचे नाही. ही रीत एकट्याने वाचण्यापुरतीच खरी आहे, हेही मला लवकरच कळले. कानाला पेलणारी भाषा डोळ्यांना पेलणाऱ्या भाषेच्या बरीच पुढे असते. देणगीत ‘श्यामची आई’च्या सहा प्रती आल्या होत्या आणि त्या तशाच पडून होत्या. ते पुस्तक ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशा क्रमाने सांगितलेले आहे, म्हणजे मुळात ते ऐकण्याचे आहे. आम्ही दर शनिवारी एक रात्र मोठ्याने वाचू लागलो, आणि चौथ्या शनिवारनंतर त्यातल्या तीन प्रती मुलांनी आपणहून घरी नेल्या.

अगदी लहानांसाठी निवड करणे त्या मानाने सोपे गेले. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत रोजचे घर, रोजची माणसे आणि मुलांच्या तोंडची मराठी असते. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर वाचनाचा स्तर छापलेला असतो, तोही पालकांच्या उपयोगी पडतो.

खरी कसोटी आठवीच्या पुढच्या मुलांनी पाहिली. या वयातल्या मुलांना बालसाहित्याच्या कपाटासमोर उभे राहायचीच लाज वाटते. पुस्तक आवडते की नाही हा प्रश्न पुढचा. आधी ते हातात धरलेले मित्राने पाहिले तर चालेल का, हा प्रश्न असतो. म्हणून दुसऱ्या कपाटावरची ‘किशोर विभाग’ ही पाटी मी काढून टाकली आणि तिथे बालसाहित्य न ठेवता या वयाला जवळची वाटतील अशी मोठ्यांची पुस्तके ठेवली. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरातच झाला, एवढे सांगितल्यावर त्यांच्या ‘यक्षांची देणगी’कडे दोघेतिघे वळले. आनंद यादव यांची ‘झोंबी’ मात्र मी भीतभीतच ठेवली होती, कारण ती जाडजूड आहे. ती दहावीतल्या एका मुलाने नेली. त्याचे आजोळ कागलचे, आणि पुस्तकातला शाळेसाठी बापाशी झगडणारा मुलगाही कागलचाच. तीन आठवड्यांनी पुस्तक परत करताना तो म्हणाला, “काकू, आमची आज्जी बोलती तसंच लिवलंय. आसं पुस्तकात चालतंय व्हय?” घरची बोली ही शाळेत दुरुस्त करून घ्यायची चूक आहे, असेच त्याने दहा वर्षे मानले होते. त्याच बोलीतल्या पुस्तकाला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे, हे ऐकून तो बराच वेळ मुखपृष्ठाकडे पाहत बसला. पानांच्या संख्येवरून मुलांची कुवत ठरवणे मी त्या दिवसापासून सोडून दिले.

वाद झाला तो मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वरून. नववीतल्या मुलाच्या मनातले प्रेम त्यात आहे म्हणून ते कपाटातून काढावे, असे दोन पालकांनी मंडळाकडे सांगितले. मी त्यांना एकच विनंती केली, की तक्रार आपण जरूर नोंदवू, मात्र आधी पुस्तक पूर्ण वाचावे. एका ताईंनी ते वाचले आणि आठ दिवसांनी येऊन म्हणाल्या, की माझी मुलगी जे मला सांगत नाही ते मला यात वाचायला मिळाले. दुसऱ्या पालकांनी वाचले नाही आणि आपल्या मुलाला ते देऊ नये असे सांगितले. त्यांच्या मुलापुरते मी ते मानले, कारण तो त्यांचा अधिकार आहे. इतरांच्या मुलांसाठी मात्र पुस्तक कपाटातच राहील, यावर मी ठाम राहिले आणि नववीच्या पुढच्या मुलांनाच ते देण्याचे आम्ही ठरवले. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

आता उरलेले पैसे मी एकदम खर्च करत नाही. दर दोन महिन्यांनी आठदहा पुस्तके घेते आणि कपाटाला दोरीने बांधलेली मागणीची वही त्यासाठी आधी वाचते. गेल्या महिन्यात सहावीतल्या एका मुलाने तिच्यात पेन्सिलीने लिहिले आहे, ‘कुस्तीची गोष्ट पायजे. म्हाइती नको. गोष्ट.’ तो रोज पहाटे खाली याच तालमीच्या हौद्यात उतरतो. त्या नोंदीसाठी आतापर्यंत मी चार पुस्तके वाचली; दोन नुसत्या माहितीची निघाली आणि दोन त्याच्या वयाला जड. उद्या पाचवे आणायला जाणार आहे.