ग्वाटेमालाचा बेत: आधी वार ठरवा, मग तारखा

मध्य अमेरिकेतला ग्वाटेमाला नकाशावर आटोपशीर दिसतो. महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून जरासा मोठा, त्यामुळे आठवडाभरात सगळं उरकेल असं वाटतं. पण रस्ते घाटाचे आहेत. अँटिग्वा या जुन्या शहराहून अतितलान सरोवराकाठचं पानाहाचेल जेमतेम ऐंशी किलोमीटर असूनही अडीच-तीन तास घेतं. तिथून तिकाल या प्राचीन माया नगरीला जायला सरळ सोपी वाट नाही. पुन्हा राजधानीत यायचं आणि तिकालजवळच्या फ्लोरेसचं विमान धरायचं, ते तासाभरात पोचतं. रात्रीची बस आठ-दहा तास घेते आणि पुढचा दिवस झोपेत जातो. माझ्या मते इथे पैसे वाचवू नयेत.

बेताची खुंटी म्हणजे चिचिकास्तेनांगो (थोडक्यात चिची) या गावचा बाजार. तो फक्त गुरुवारी आणि रविवारी भरतो. म्हणून बुधवारी उतरा, गुरुवार अँटिग्वात काढा, शुक्रवार-शनिवार आकातेनांगो ज्वालामुखीची चढाई, रविवारी सकाळी चिचीचा बाजार करून संध्याकाळी सरोवर गाठा. पुढच्या बुधवारी फ्लोरेस, दोन दिवस तिकाल, शनिवारी परत. मौसम नोव्हेंबर ते एप्रिलचा, कारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात अँटिग्वाच्या रस्त्यांवर रंगवलेल्या भुशाचे गालिचे घालतात. आपल्या रांगोळीची आठवण येते, मात्र मिरवणूक त्यांच्यावरूनच जाते. तेव्हा जायचं तर खोली कित्येक महिने आधी धरावी लागते.

व्हिसाचं दिल्लीतल्या वकिलातीत लेखी विचारून घ्या. सगळ्यात जास्त लोक फसतात ते वाटेतल्या विमानतळामुळे. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं, तरी भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की लगेच काढू नका, विमान कुठे बदलायचं आहे ते आधी पाहा. आणखी एक : ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून नव्वद दिवस मोजले जातात, प्रत्येकाचे वेगळे नाहीत.

वीज 120 व्होल्टची, पिना चपट्या. मोबाइलचा चार्जर चालतो. पण घरची 230 व्होल्टची किटली निम्म्या दाबावर जेमतेम पाव ताकदीने तापते, चहाला ताटकळत बसावं लागतं. ती घरीच ठेवा.

आकातेनांगो 3,976 मीटर. कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर, आणि इथली चढाई सुरूच होते साधारण 2,400 मीटरवरून. मुक्काम 3,600 च्या आसपास. पायाखाली ज्वालामुखीची सुटी राख आणि खडी असते, त्यामुळे दोन पावलं पुढे टाकली की एक मागे घसरतं. काठी भाड्याने घ्याच. माणशी चार लिटर पाणी लागतं. रात्री पारा शून्याखाली जातो आणि वारा सुटतो. नुसत्या स्वेटरवर भागत नाही, वारा अडवणारं जाकीट, टोपी आणि हातमोजे हवेत. हे सगळं समोरचा फुएगो हा जागता ज्वालामुखी पाहायला. तो बहुधा दर पंधरा-वीस मिनिटांनी गुरगुरतो आणि अंधारात लाल ठिणग्या उडवतो. ढग आले तर फक्त आवाज ऐकायचा. विमानातून उतरल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ही चढाई ठेवू नका. भारतापेक्षा साडेअकरा तास मागे असलेल्या घड्याळाशी शरीर जुळलेलं नसतं, त्यात उंचीने डोकं धरतं.

सरोवरात दुपारच्या सुमारास शोकोमिल नावाचा वारा उठतो. गावोगावी जायला लांचा म्हणजे मोटारबोटी आहेत. दुपारनंतर त्या लाटांवर आपटत जातात आणि पुढच्या बाकावरच्याची कंबर मोडते. सकाळी निघा, मागे बसा, सामान प्लास्टिकमध्ये गुंडाळा. संध्याकाळी पाचनंतर फेऱ्या मिळणं अवघड. सरोवराकाठच्या सान हुआन गावात कमरेचा माग बघावा : एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्याने विणकरणीच्या कमरेला. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे वाकली की सैल. बायकांचा विणलेला सदरा म्हणजे उइपिल, त्याच्या नक्षीवरून गाव ओळखता येतं. तिथली रिक्षा पाहून मात्र परक्या देशात आल्यासारखं वाटत नाही, ती बहुतेक वेळा आपली बजाजच असते.

शाकाहाऱ्यांना अडचण मांसापेक्षा चरबीची. काळ्या घेवड्याच्या उसळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते. 'सिन कार्ने' म्हटलं की मांस टळतं, चरबी टळत नाही. म्हणून 'सिन मान्तेका' हेही सांगा. मक्याची तोर्तिया निर्धास्त खावी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुवून, दळून घेतात आणि भाकरीसारखी दोन्ही हातांवर थापतात. ती आपल्या भाकरीपेक्षा लहान आणि जाड असते. नळाचं पाणी पिऊ नका, बाटली घेताना 'आग्वा पुरा' म्हणा. वेलदोडा निर्यातीत हा देश जगात पहिला आहे, पण तिथल्या स्वयंपाकात तो क्वचितच दिसतो. चहात हवा असेल तर घरून न्या!

तिकालचं दार सकाळी सहाला उघडतं. परदेशी माणसाला 150 केत्साल (तिथलं चलन) तिकीट, सूर्योदयासाठी आधी शिरायचं तर आणखी 100. मी ते जादाचे देणार नाही, कारण पहाटे बहुधा धुकंच असतं. त्याऐवजी सहाला आत शिरून थेट चौथ्या मंदिराकडे चालत जा. लाकडी जिन्याने माथ्याजवळ पोचता येतं. उंची सुमारे 65 मीटर, खाली जंगलाची गच्च चादर आणि तिच्यातून डोकं काढलेली मंदिरं. हाउलर माकडांचा घोगरा आरडाओरडा वाघाच्या डरकाळीसारखा वाटतो, पण तो झाडांवरून येतो, घाबरू नका. पहिल्या मंदिरावर चढायला बंदी आहे. आतल्या वाटा मिळून सात-आठ किलोमीटर चालणं होतं. दोन लिटर पाणी, डासांचं मलम आणि पासपोर्ट बरोबर असू द्या. अकरानंतर उकाडा असह्य होतो, तोवर मोठा चौक आटोपलेला असावा.

फ्लोरेसहून राजधानीत परतल्यावर त्याच दिवशी घरचं विमान ठेवू नका. एक रात्र विमानतळाजवळ काढा. पावसाळी ढगात ते छोटं विमान उशिरा सुटलं, तर पुढची सगळी तिकिटं कोसळतात.