धोका माणसांचा नाही, डुकरांचा

विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबर २०२४ ला लागली आणि त्याच आठवड्यात माझे एक जुने अशील सकाळीच ऑफिसच्या बाकड्यावर येऊन बसले. मी त्यांना तात्या म्हणतो. सत्तरी ओलांडलेले, डोंगरपायथ्याला भाताचे कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, आणि वर थोडी काजूची बाग. वडिलांच्या नावावरचा बंदुकीचा परवाना वारसाने त्यांच्या नावावर झालेला. एकनळी काडतुसी बंदूक, कारण शेतीसंरक्षण.

"वकीलसायबानु, भात कापूक इला हा, आणि बंदूक जमा कर म्हणान फोन इलो."

नोटीस आहे? नाही. लेखी काही? नाही. बीट हवालदाराचा फोन आणि पोलीस पाटलाचा निरोप, एवढंच. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात आणि अशी माणसं माझ्याकडे येतात. बहुतेकांना मी अर्जाचा मसुदा करून देतो. त्या दिवशी मात्र कोट चढवला आणि तात्यांबरोबर पोलीस ठाण्यात गेलो.

व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला पाठ टेकून ओळीने म्हातारी माणसं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर गोणपाटात नाही तर जुन्या धोतरात गुंडाळलेली बंदूक. दोन-तीन ठासणीच्या, म्हणजे नळीत दारू ठासून भरायच्या, बाकी काडतुसाच्या. एकाने उरलेली काडतुसं रुमालात बांधून आणली होती, वहीत नोंद आहे तेवढी, एकही कमी नाही. कुणी कामाचा दिवस मोडून आलेला, कुणी एसटीने दोन गाड्या बदलून. मला त्या रांगेचं फार वाईट वाटलं. ज्यांनी परवाना घेतला, वेळेवर नूतनीकरण केलं, परवान्याला युनिक नंबर, म्हणजे वेगळा ओळख क्रमांक, आला तेव्हा त्यासाठीही खेटे घातले, तीच ही माणसं. ज्याच्या माळ्यावर विनापरवाना बंदूक आहे, त्याला कुणाचा फोन जात नाही.

ठाण्यातले अधिकारी समजूतदार होते. बंदोबस्ताच्या याद्या पुढ्यात पसरलेल्या, फोन थांबत नव्हता. मी त्यांच्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आणि त्यावरून निवडणूक आयोगाने काढलेल्या सूचना ठेवल्या. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या, असं त्यात कुठेच नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीने एकेक परवानाधारक तपासायचा. जामिनावर सुटलेला, गुन्ह्याचा इतिहास असलेला, पूर्वी आणि विशेषतः निवडणुकीच्या काळात दंग्यात सापडलेला, अशांची शस्त्रं जमा करायची. हे मला शंभर टक्के मान्य आहे. मतदानाच्या दिवशी कुणी बंदुकीच्या जोरावर गाव वेठीला धरू नये, यासाठी कायदा कडकच हवा. पण तात्यांवर आयुष्यात साधी अदखलपात्र तक्रारही नाही.

अधिकाऱ्यांनी कागद शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "साहेब, तुमचं बरोबर आहे. पण यादी वरून आलीय. एकाची ठेवली आणि उद्या काही झालं, तर उत्तर मला द्यावं लागेल."

त्यांचा मला राग आला नाही. छाननी म्हणजे प्रत्येक फाइल उघडायची, प्रत्येकाबद्दल मत लिहायचं आणि त्याखाली सही करायची. सरसकट जमा करून घेण्यात कुणालाच सही करावी लागत नाही. निकालाला इतकी वर्षं झाली तरी व्हरांडे का भरतात, याचं कारण मला तिथे समोरच दिसत होतं.

मी छाननी समितीच्या नावे अर्ज लिहिला, सातबारा आणि पोलीस पाटलाचा दाखला जोडला, पोच घेतली. त्यानंतरचं काम अवघड होतं. तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं की बंदूक आज जमा करा. कायदा त्यांच्या बाजूने होता, तरीही. जमावबंदीच्या कलमाखाली जिल्ह्याचा आदेश निघालेला. तो मोडला म्हणून गुन्हा दाखल झाला, तर पुढे कोर्टात सुटताही येईल, पण तोवर नूतनीकरणाच्या अर्जात 'गुन्हा प्रलंबित' असं लिहावं लागलं असतं. ज्याची पाटी कोरी आहे, त्यालाच ती जपण्यासाठी हक्क सोडावा लागतो. तात्या एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगतास तर देतंय."

बंदूक देताना मी एका गोष्टीसाठी अडून बसलो. पावतीवर नुसता नंबर नको, स्थितीही लिहा: नळी स्वच्छ, घोडा चालू, दस्त्याला तडा नाही. त्याच वर्षी लोकसभेच्या वेळी १६ मार्चला आचारसंहिता लागली, आमच्याकडे मतदान ७ मेला आणि निकाल ४ जूनला. निकालानंतर आठवडा उलटून बंदूक परत मिळाली, तोवर पाऊस सुरू झालेला. कोंदट खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या नळीला आतून गंज धरला होता. काजूचा अख्खा हंगाम माकडांना मोकळा गेला तो वेगळाच.

शहरातल्या वाचकाला वाटेल, एका बंदुकीने काय होतं? रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, तात्यांनी कधी मारलेलंही नाही. रात्री शेतातल्या माळ्यावर बसायचं आणि चाहूल लागली की हवेत एक बार काढायचा. कळप व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, पळतो. पिकलेल्या कुणग्यात डुकरं एकदा शिरली की खातात थोडं आणि लोळून आडवं करतात ते बरंच. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, ती पुरेशी नसेल तर दुसरी साध्या नळीची बंदूक देता येते. कायदा करणाऱ्यांना शेतकरी माहीत होता. आयोगाच्या सूचनांत बँकेच्या सुरक्षारक्षकांना आणि रायफल असोसिएशनच्या खेळाडूंना सूट आहे, कारण त्यांचं काम अडतं. पिकलं भात राखणं हेही कामच आहे, आणि त्याची तारीख पुढे ढकलता येत नाही.

तात्यांना त्या अर्जाच्या चौकशीला बोलावलं, तेव्हा मी बरोबर गेलो. टेबलापलीकडच्या साहेबांनी छापील नमुन्यातला प्रश्न विचारला, "तुमच्या जिवाला कुणाकडून धोका आहे?"

"माका माणसांचो धोको नाय, सायब. डुकरांचो आसा."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, सातबारा मागितला, कुठला कुणगा कधी कापणीला येतो ते विचारलं आणि स्वतःच्या हाताने शेरा लिहिला. इतक्या वर्षांच्या वकिलीत एखाद्या अर्जाची छाननी माझ्या डोळ्यांसमोर झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

सूट मिळाली. पत्र ठाण्यात पोचेपर्यंत दिवाळी उलटली होती. व्हाळाच्या काठचा कुणगा तोवर गेला होता, वरचे दोन वाचले.

तात्यांनी पत्राच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या शेतीसंरक्षण परवानाधारकांना मी आता सांगतो: निवडणुकीची चर्चा सुरू झाली की थांबू नका. सातबारा, पोलीस पाटलाचा दाखला आणि कुठलं पीक कधी तयार होतं याचा तक्ता लावून अर्ज आधीच द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बंदूक जमा करावीच लागली, तर पावतीवर तिची स्थिती लिहून घ्या.